आपला पलंग आपण करावा
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या पत्रिकेत माझ्या विषयाचे नाव वाचून पुष्कळजणींना नवल वाटले असेल. मंडळाच्या व्यासपीठावर आजवर पाककृती झाल्या, शिवण झाले, बालसंगोपन झाले. ‘लाकडी पलंग कसा करावा’ हा विषय मात्र आपल्या सभेला नवा आहे. दोघीतिघींनी मला वाटेतच थांबवून विचारले, “अहो, सुतार काय कमी पडले का?” सुतार कमी पडले नाहीत, आणि कुणा सुतारदादांच्या पोटावर पाय आणण्याचाही माझा हेतू नाही. पण ज्या वस्तूवर माणूस आयुष्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा घालवतो, ती कशी उभी राहते हे घरातल्या बाईला ठाऊक असावे, आणि वेळ पडली तर ती तिला करता यावी, एवढेच मला सांगायचे आहे.

वेळ पडते ती कशी, हे आधी सांगते. आमच्या आळीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एका आजींच्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी बजावून सांगितले की यापुढे जमिनीवर बसणे-झोपणे बंद. बसल्यावर गुडघे खुब्यापेक्षा वर जाता कामा नयेत. आजी जन्मभर जमिनीवर अंथरूण घालून झोपलेल्या. सुनेने धावपळ करून एका दुकानातून तयार पलंग मागवला. तो आला खरा, पण खाली पेटी असलेला, एकसंध. जिन्याच्या वळणावर तो अडकला आणि हमालांनी तो परत नेला. दुसरा जो जिन्यातून वर जाण्याजोगा होता, तो गादीसकट अवघा चौदा इंच उंच भरला. त्यावर बसणे म्हणजे आजींना पाटावर बसण्यासारखेच. आजी रुग्णालयातून घरी यायला तीन आठवडे उरले होते. तेव्हा आम्ही चौघींनी ठरवले की हवा त्या उंचीचा, सुट्या भागांनी जिना चढणारा पलंग आपणच करायचा. नऊ दुपारी त्यात गेल्या. तोच पलंग डोळ्यांसमोर ठेवून मी आज मापे सांगणार आहे.

पहिली गोष्ट मापांची. आपल्याकडे म्हण आहे, अंथरूण पाहून पाय पसरावे. सुतारकामात ती अशी म्हणावी : अंथरूण पाहून पलंग करावा. आधी गादी आणा, ती मोजा, मगच लाकडाकडे वळा. बाजारात एकेरी गादी ७२ इंच लांब व ३६ इंच रुंद मिळते, तशी ७५ आणि ७८ इंच लांबीचीही मिळते. आमची गादी ७२ बाय ३६ ची, पाच इंच जाड, काथ्याची होती. चादर खोचायला हात जावा म्हणून लांबीरुंदीत एकेक इंच जास्त धरला. म्हणजे चौकटीची आतली मोकळी जागा ७३ बाय ३७ इंच.

दुसरे माप उंचीचे, आणि ते ज्याचा पलंग त्याच्या अंगावरूनच घ्यावे. त्या व्यक्तीला खुर्चीवर बसवा, पाऊल जमिनीला सपाट टेकू द्या, आणि गुडघ्याच्या मागच्या लवणीपासून जमिनीपर्यंत मोजा. आजींचे हे माप सतरा इंच भरले. गादीचा वरचा पृष्ठभाग याच्या बरोबरीने किंवा किंचित वर असावा. पलंग फार बुटका असला तर उठताना सगळा भार गुडघ्यांवर येतो. फार उंच असला तर पाय लोंबकळतात आणि रात्री उठताना तोल जातो. म्हातारपणी पडणे म्हणजे काय, हे या सभेत कुणाला समजावून सांगायला नको.

आता लाकूड. वखारीत शिरल्यावर बावरून जाऊ नये. साडी घेताना आपण पदर उलगडून, उजेडात धरून पाहतो, तशीच फळी पाहावी. एक डोळा मिटून फळीच्या कडेवरून नजर टाकली की वाक आणि पीळ लगेच दिसतो. वाकलेली फळी एक वेळ चालेल, पीळ पडलेली मुळीच घेऊ नये. तिच्यामुळे चारांपैकी एक पाय कायम अधांतरी राहतो. फळीच्या टोकांना चिरा आहेत का, मधोमध मोठी गाठ आहे का, हे पाहावे. गाठीच्या जागी लाकडाच्या शिरा फिरलेल्या असतात आणि भार आला की फळी तिथेच मोडते.

सागवान सर्वांत भरवशाचे खरे, पण सागवानातही गाभ्याचे तपकिरी लाकूड आणि सालीलगतचे पांढुरके लाकूड यांत फरक असतो. वाळवीला दाद देत नाही तो गाभा. पांढऱ्या भागाला कीड लागते. आंब्याचे लाकूड स्वस्त आणि कापायला मऊ असते, पण त्याला भुंगा लवकर लागतो, म्हणून औषध दिलेलेच घ्यावे. रबराच्या झाडाच्या लाकडाचेही तसेच. ते बहुधा बोरिक मिसळलेल्या औषधात मुरवून मग विकायला येते, याची खात्री करून घ्यावी. बाभूळ चिवट खरी, गाड्यांच्या चाकांना ती वापरीत, पण नवशिकीच्या करवतीला ती दमवते. भुसा दाबून केलेले तयार तक्ते पलंगाला घेऊ नयेत. त्यांच्या कडेत स्क्रू टिकत नाही आणि ओल लागली की ते फुगतात.

आम्ही जुन्या लाकडाच्या वखारीतून एका पाडलेल्या वाड्याचे सागवान घेतले. जुन्या लाकडाचा गुण असा की ते पुरते वाळलेले असते. दोष असा की आत खिळे दडलेले असतात. ते शोधून उपटल्याशिवाय लाकूड यंत्राखाली देऊ नये. नवे लाकूड घेतलेत तर दोन-तीन आठवडे घरात, भिंतीपासून दूर, मध्ये चिपा घालून रचून ठेवा. लाकूड हवेतली ओल घेते आणि सोडते. पावसाळ्यात ते रुंदीला फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. लांबीला मात्र नावापुरताच फरक पडतो. कोकणातली हवा आणि देशावरची हवा सारखी नाही, म्हणून ज्या घरात पलंग राहायचा तिथल्या हवेची त्याला आधी ओळख होऊ द्यावी.

लाकडाची यादी अशी. कागद आणला असेल तर उतरवून घ्या.

लांब फळ्या २ : लांबी साडेपंच्याहत्तर इंच, रुंदी ६ इंच, जाडी सव्वा इंच.
आखूड फळ्या २ : लांबी ३७ इंच, रुंदी आणि जाडी तीच.
पाय, म्हणजे खूर, ४ : लांबी १२ इंच, अडीच बाय अडीच इंच.
आधारपट्ट्या २ : लांबी ६४ इंच, दीड बाय दीड इंच.
आडव्या पट्ट्या १४ : लांबी पावणेसदतीस इंच, रुंदी ३ इंच, जाडी पाऊण इंच.

हे सारे मिळून सुमारे दोन घनफूट लाकूड होते. कापण्यात आणि रंधण्यात जाईल ते धरून अडीच घनफूट घ्यावे. शिवणात आपण माया ठेवतो आणि पुढे लागली तर उसवून सोडतो. लाकडात उसवणे नाही. आखूड कापलेली फळी लांब होत नाही. करवतीच्या दातांची स्वतःची जाडी असते, तेवढे लाकूड भुशात जाते. म्हणून रेघेवर न कापता रेघेच्या बाहेरच्या अंगाने कापावे आणि रेघ आपल्या तुकड्यावर राहू द्यावी.

सगळे कापणे घरीच केले पाहिजे असे नाही. वखारीतच यंत्रावर फळ्या चिरून, रंधून आणि मापाला कापून मिळतात. आम्हीही मोठे काप तिथेच करून घेतले. मग आपल्या हाती उरते ती आखणी, भोके पाडणे, जोडणी आणि घासकाम. त्याला लागणारी हत्यारे थोडी आहेत : टेप, काटकोन्या, पेन्सिल, एक करवत, ड्रिल, पेचकस, नट आवळायचे दोन पाने, लाकूड घट्ट धरायला दोन शिकंजे, आणि ८०, १२० व २२० नंबरचा पॉलिशपेपर. सुतार अजूनही सुतात बोलतात हेही ध्यानात असू द्या. एक इंच म्हणजे आठ सूत.

कामाला बसण्यापूर्वी केस बांधावे, पदर वा ओढणी कमरेला घट्ट खोचावी, बांगड्या उतरवाव्यात किंवा वर सारून बांधाव्यात. फिरत्या ड्रिलमध्ये ओढणीचे टोक अडकले तर सावरायला क्षणही मिळत नाही. घासताना नाकातोंडावर मास्क लावावा. लाकडाची बारीक धूळ वर्षानुवर्षे श्वासात गेल्याने नाकाचा कर्करोग होतो, हे आता सिद्ध झाले आहे. आपले काम चार दिवसांचे असले तरी सवय पहिल्या दिवसापासून चांगली लावावी.

आता जोडणी. जुने सुतार पलंगाच्या चौकटीला गात म्हणत. खुराला खाच पाडून तिच्यात फळीचे कुसू बसवीत आणि पाचर ठोकीत. तो सांधा पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, पण त्याला हात बसलेला असावा लागतो. नवशिकीने नटबोल्टचा सांधा करावा. तो भक्कम असतो, आणि मुख्य म्हणजे सुटा होतो. जिना अरुंद असो की घर बदलायचे असो, पाना फिरवला की पलंगाचे पुन्हा तुकडे होतात.

प्रथम प्रत्येक लांब फळीच्या आतल्या अंगाला, वरच्या कडेपासून सव्वादोन इंच खाली, काटकोन्या लावून एक सरळ रेघ ओढा. ही रेघ सगळ्या कामाचा पाया आहे. आधारपट्टीची वरची कड या रेघेवर येते आणि खुराचे डोकेही याच रेघेला टेकते. दोन्हींवर आडव्या पट्ट्या बसायच्या आहेत, तेव्हा ही पातळी एक असलीच पाहिजे. पाऊण इंच जाडीची पट्टी आणि वर दीड इंच फळीचा काठ, असा सव्वादोन इंचांचा हिशेब आहे. त्या काठामुळे गादी सरकत नाही.

आधारपट्टी फळीच्या मधोमध बसवा; दोन्ही टोकांना साडेचार इंच जागा उरते. त्यातली अडीच इंच खुराची, आणि दोन इंच नट आवळताना पाना फिरवायला. पट्टीला टोकापासून दोन इंचांवर पहिला स्क्रू, मग दर दहा इंचांवर एक, असे एका बाजूला सात स्क्रू अडीच इंच लांबीचे घाला. पट्टी दीड इंच जाड, म्हणजे फळीत एक इंच स्क्रू शिरतो आणि बाहेर डोकावत नाही. स्क्रूआधी बारीक भोक पाडलेच पाहिजे, नाहीतर सागवान चिरते. स्क्रूच्या आट्यांना थोडा साबण चोळला तर तो सहज शिरतो.

मग खूर. एकेका खुराला चार बोल्ट : दोन लांब फळीतून, दोन आखूड फळीतून. हे बोल्ट एकाच खुरात एकमेकांना आडवे जातात, म्हणून त्यांची उंची वेगळी ठेवावी लागते. लांब फळीचे बोल्ट खुराच्या डोक्यापासून पाऊण आणि सव्वादोन इंचांवर, आखूड फळीचे दीड आणि तीन इंचांवर. असे केले म्हणजे त्यांची टक्कर होत नाही. बोल्ट ८ मिलिमीटर जाड आणि साडेचार ते पावणेपाच इंच लांब घ्यावे, भोक ९ मिलिमीटरचे पाडावे. एकूण १६ बोल्ट, १६ नट आणि ३२ चकत्या लागतात. चकती वगळू नये. ती नसली तर बोल्टचे डोके लाकडात रुतते.

भोक पाडताना फळी आणि खूर शिकंज्यात एकत्र आवळून दोन्हींतून एकाच वेळी ड्रिल न्यावे. मागच्या बाजूला टाकाऊ लाकडाचा तुकडा धरावा, म्हणजे ड्रिल बाहेर पडताना लाकूड फुटत नाही. ड्रिल सरळ जाते का हे आपल्याला समोरून कळत नाही. एका मैत्रिणीला बाजूला उभी करून तिने सांगावे. हे काम दोघींनी करण्यात हा फायदा आहे. प्रत्येक कोपऱ्याला क, ख, ग, घ अशी खूण खूर आणि फळी या दोन्हींवर आतून करून ठेवा. हाताने पाडलेली भोके चारही कोपऱ्यांत तंतोतंत सारखी नसतात, तेव्हा पुढच्या वेळी जोडताना ज्याचा खूर त्याच्याच जागी बसावा.

आखूड फळ्या लांब फळ्यांच्या मधे येतात. सगळे बोल्ट आधी हातानेच सैल लावा. मग एक सुतळी घेऊन चौकटीचे दोन्ही कर्ण बाहेरच्या कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजा. दोन्ही सारखे आले की चौकट काटकोनात आहे. आपल्या मापांना ते सव्वापंच्याऐंशी इंचांच्या आसपास येतात. कमीजास्त असले तर जो कर्ण लांब त्याच्या टोकांवर हलके दाबून चौकट सारखी करावी आणि मगच पाने आवळावे. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या हातांना हे अवघड नाही.

आता आडव्या पट्ट्या. चौदा पट्ट्यांमध्ये तेरा फटी येतात. दोन इंच तीन सूत रुंदीचा एक लाकडी तुकडा कापून घ्या; प्रत्येक पट्टीनंतर तो मधे ठेवला की सगळ्या फटी आपोआप सारख्या येतात. पहिली आणि शेवटची पट्टी खुरांच्या डोक्यावर बसते. प्रत्येक टोकाला दीड इंची एक स्क्रू पुरे. फटींच्या जागी अखंड फळी किंवा प्लायवूड घालावे असे काहीजणी सुचवतील. पण गादीला खालून वारा लागला पाहिजे. माणसाच्या अंगातला घाम आणि पावसाळ्यातली दमट हवा अखंड फळीवर साचून गादीला बुरशी धरते. एकेरी पलंगाला एवढ्या पट्ट्या पुरतात. चार फूट किंवा त्याहून रुंद पलंग करायचा असेल तर मधोमध उशापासून पायथ्यापर्यंत आणखी एक लांब आधार आणि त्याला खाली खूर हवाच. नाहीतर पट्ट्या मधे वाकतात.

घासकाम जोडणीपूर्वीच केलेले बरे. आधी ८० नंबरचा कागद, मग १२०, शेवटी २२०, आणि हात नेहमी शिरांच्या दिशेने. आडवे घासले तर ओरखडे पॉलिशखाली उठून दिसतात. फळ्यांच्या कडा गोल करा. अंधारात नडगी आपटते ती याच कडांवर. वर स्पिरिटात विरघळवलेल्या लाखेच्या पॉलिशचे दोन हात द्यावे, किंवा जवसाचे तेल चोळावे. तेलाबाबत एक ताकीद लक्षात ठेवा : तेलाचे बोळे चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. सुकताना ते आतल्या आत तापतात आणि आपोआप पेटतात. ते पाण्यात भिजवावे किंवा उघड्यावर सुटे पसरून वाळवावे.

असा पलंग उभा राहिला म्हणजे पट्ट्यांचा वरचा भाग जमिनीपासून पावणेतेरा इंचांवर येतो. पाच इंचांची गादी घातली की पावणेअठरा. माणूस बसल्यावर गादी थोडी दबते, तरी आजींच्या सतरा इंचांना तो बेताचा बसला. खाली सव्वाआठ इंच मोकळे राहतात. केरसुणी आरामात फिरते. सगळे भाग सुटे करून आम्ही दोन खेपांत जिना चढवले आणि वर अर्ध्या तासात जोडले.

पुढची निगा थोडीच आहे. पहिला पावसाळा उलटून लाकूड आक्रसले की नट सैल होतात आणि पलंग कुरकुरू लागतो. दिवाळीच्या साफसफाईत दरवर्षी एकदा पाना फिरवावा. लाकूड लाकडावर घासून आवाज येत असेल तर तिथे मेण चोळावे. ढेकूण फटींत राहतात. पट्ट्या काढून उन्हात टाकता येतात ही या पलंगाची मोठीच सोय आहे.

आता शेवटचा मुद्दा. हे शिकणे बायकांचे काम आहे का? १९३७ साली वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि हस्तोद्योगातून शिक्षण हा विचार देशापुढे आला. १९८३ पासून पुणे जिल्ह्यातल्या पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी सुरू केलेल्या विज्ञान आश्रमात मुलगे आणि मुली हाताने काम करीत शिकत आले आहेत. हात आणि बुद्धी यांना एकत्र शिकवावे, हा विचार आपल्या मातीत जुनाच आहे. घरात मात्र हातोडी दादाच्या हाती आणि पोळपाट ताईच्या हाती, ही वाटणी अजून पुष्कळ ठिकाणी मोडलेली नाही. करवत धरायला जेवढा जोर लागतो, त्याहून अधिक कणीक तिंबायला लागतो. लागतो तो नेमकेपणा, आणि तो आपल्यापाशी आहे.

सुतारदादांचे मोलही हे काम केल्यावरच कळते. आता मी त्यांच्याकडे काही करून घ्यायला गेले, तर लाकूड कोणते, सांधा कोणता, हे विचारू शकते, आणि त्यांनी सांगितलेली मजुरी कशाची आहे तेही मला उमगते. घासाघीस करायला जीभ वळत नाही.

म्हणून माझी मंडळाला एक सूचना आहे. आपल्याकडे पुस्तकांचे कपाट आहे, शिवणयंत्रे आहेत. त्यांच्या शेजारी हत्यारांची एक पेटी असावी : दोन करवती, एक ड्रिल, दोन शिकंजे, काटकोन्या, पाने. सभासद भगिनींनी पुस्तकासारखी नोंद करून ती घरी न्यावी आणि पुसून, तेल लावून परत आणावी. एका घराला हा खर्च जड वाटेल. सगळ्याजणींत वाटला तर फारसा नाही. पेटी आली की पहिल्या महिन्यात चारचौघींनी मिळून एक पलंग करावा. तो कुणाला द्यायचा हे तुम्हीच ठरवा; जमिनीवरून उठताना भिंत धरावी लागणाऱ्या कितीतरीजणी आपल्या आळीत आहेत, आणि त्या मागायला येणार नाहीत.

 मापांचा कागद कार्यवाह बाईंकडे ठेवला आहे. ज्यांना हवा त्यांनी उतरवून घ्यावा.